नेदरलँड्समधले पडके किल्ले आणि पुन्हा उभारलेली मध्ययुगीन ठिकाणं कशी पाहावीत

सह्याद्रीतले गड पायाखालून गेलेल्या माणसाची नेदरलँड्समध्ये पहिली फसगत होते ती उंचीवरून. इथे चढायला काही नसतं. देश सपाट, जमीन चिकणमातीची किंवा वाळूची, आणि बांधकामाचा दगड दक्षिणेचं टोक सोडलं तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे किल्ले विटांचे, आणि सगळा भरवसा भोवतीच्या खंदकावर. डोंगरावर बांधलेला किल्ला अख्ख्या देशात एकच, लिम्बर्ग प्रांतातला फाल्कनबर्ग. तोही पडका.

दुसरी फसगत उशिरा कळते. ‘मध्ययुगीन’ म्हणून जे दिसतं त्यातलं बरंच काही १९व्या आणि २०व्या शतकात डागडुजी केलेलं, पायापासून वर उचललेलं किंवा सरळ नवं बांधलेलं असतं. त्यात गैर काही नाही. पण जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे ओळखता आलं, तर तासभराची भेट दुप्पट वसूल होते. म्हणून आधी तिथवर नीट पोहोचायचं कसं ते पाहू, आणि मग समोरची भिंत वाचायची कशी ते.

पहिली पायरी : ठिकाणाचा प्रकार ओळखा

बेत फसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे सगळ्या ठिकाणांना एकाच मापाने मोजणं. काही अवशेष उघड्यावर आहेत आणि त्यांना तिकीट नाही. लायडन शहरातला बुर्ख्त, एग्मोंड आन देन हूफ इथले पाण्यातले पाये आणि वाइक बाय ड्यूरस्टेडेच्या बागेतले बुरूज या प्रकारचे. झेलंडमधल्या ओस्ट-साउबर्गचा गोल मातीचा तटही यातच येतो. इथे तुमच्या सोयीने जा, फक्त उजेड हवा.

दुसऱ्या प्रकारात फाटक आहे, तिकीट आहे आणि ठरावीक महिने-वार आहेत. ब्रेडरोडे, टेलिंगन, फाल्कनबर्ग हे त्यातले. तिसरा प्रकार उभ्या, सजवलेल्या किल्ल्यांचा: माउडरस्लोट, लूव्हेस्टाइन, डे हार, डोर्ननबर्ग. यांतल्या काहींमध्ये आत फक्त वाटाड्याबरोबर जाता येतं. चौथा प्रकार म्हणजे उत्खननातल्या पुराव्यावरून नव्याने रचलेली गावं. आल्फन आन देन राइनचं आर्खेऑन आणि आइंडहोव्हनचं प्रागैतिहासिक खेडं ही त्याची ठळक उदाहरणं. आणि काही अवशेष केवळ बाहेरून पाहायचे. लिम्बर्गमधला ब्लायनबेक १९४५च्या फेब्रुवारीत ब्रिटिश विमानांच्या बाँबफेकीत पडला आणि तसाच राहिला. भिंती कच्च्या असल्यामुळे तिथे कुंपणाबाहेरूनच समाधान मानावं लागतं.

नकाशावर शोधताना एक लक्षात ठेवा. ‘स्लोट’, ‘बुर्ख्त’, ‘कस्टेल’ ही नावं सरळ किल्लाच सांगतात, पण ‘हाउस ते’ने सुरू होणारं नाव दिसलं तर ते साधं घर समजून वगळू नका. डोर्द्रेख्तजवळचं हाउस ते मेर्वेडे आणि हार्लेममधलं हाउस ते क्लेफ हे दोन्ही पडके किल्लेच आहेत. उलट उत्तरेत ‘बोर्ग’ आणि ‘स्टिन्स’ या नावांखाली बहुतेक वेळा नंतरच्या काळातले जमीनदारी वाडे सापडतात.

दुसरी पायरी : दिवस आणि वेळ

पडक्या किल्ल्यांचा हंगाम साधारण मार्च-एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बहुतेक फाटकं बंद. तळघरांत वटवाघळं हिवाळी झोप घेतात, म्हणून काही ठिकाणी तो भाग मुद्दाम बंद ठेवतात. सोमवारी सुट्टी असणारी ठिकाणं पुष्कळ. छोट्या अवशेषांची देखभाल स्वयंसेवक करत असतील तर आठवड्यातले दोन-तीनच दिवस आणि तेही दुपारीच उघडतात.

सगळ्यात जास्त हिरमोड होतो तो लग्नांमुळे. किल्ले आणि अवशेष समारंभांना भाड्याने दिले जातात. शुक्रवारी-शनिवारी अर्धा भाग किंवा अख्खं आवार बंद असू शकतं. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या ठिकाणाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची वेळ बघा. नकाशाच्या ॲपमधली वेळ हंगाम बदलला तरी जुनीच दाखवत राहते. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा ते एक तास आधी मिळतो हेही धरून चाला.

उजेडाचं गणित भारतासारखं नाही. जूनअखेरीस सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात साडेचारलाच. तिरपा प्रकाश विटांच्या भिंतीवर पडला की डागडुजीच्या खुणा ठळक दिसतात, त्यामुळे एप्रिल किंवा सप्टेंबरातली दुपारनंतरची वेळ सगळ्यात उत्तम.

दोन दिवस वर्षभर लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी देशभर ‘ओपन मोन्युमेंटनदाख’ असतो, तेव्हा एरवी बंद असलेल्या वास्तू उघडतात. आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास ‘किल्ल्यांचा दिवस’ साजरा होतो. गर्दी असते, पण माहितगार माणसं जागेवर हजर असतात.

किती ठिकाणं घ्यायची? उघड्या अवशेषाला पाऊण ते एक तास पुरतो. माउडरस्लोट किंवा लूव्हेस्टाइनला अडीच तास ठेवा. आर्खेऑनला पाच-सहा तास, म्हणजे अख्खा दिवसच. दिवसाला फार तर दोन अवशेष. तीन किल्ल्यांचा बेत आखणारा तिसऱ्याच्या बंद फाटकाचा फोटो घेऊन परत येतो.

तिसरी पायरी : पोहोचणं

रेल्वे, बस, ट्राम सगळीकडे संपर्करहित बँक कार्ड टेकवून प्रवास करता येतो. नियम साधे आहेत, पण चुकतात. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. चढताना जे टेकवलं तेच उतरताना टेकवायचं. फोनमधलं कार्ड आणि खिशातलं प्लॅस्टिकचं कार्ड एकाच खात्याचं असलं तरी यंत्राला ती दोन वेगळी दिसतात, आणि मग दोन्ही प्रवास अर्धवट नोंदले जाऊन पैसे जास्त जातात. लहान मुलांसाठी हे कार्ड वापरू नका: रेल्वेत ४ वर्षांखालील मुलं फुकट, ४ ते ११ वयासाठी वेगळं स्वस्त तिकीट आधी काढायचं.

गाडी बदलताना कंपनी बदलत असेल तर फलाटावर एका खांबावर बाहेर पडल्याची आणि दुसऱ्या रंगाच्या खांबावर आत शिरल्याची नोंद करावी लागते. फाल्कनबर्गला जाताना मास्ट्रिख्तला हे घडतं: तिथवर एनएसची गाडी, पुढे अरिवाची. आपण त्याच स्थानकात उभे असतो, त्यामुळे विसर पडतो.

खेड्यांतली बस हा खरा अवघड भाग. तासाला एक, रविवारी त्याहून कमी. स्वयंसेवक चालवतात त्या ‘ब्यूर्टबस’ म्हणजे आठ प्रवाशांच्या छोट्या गाड्या. त्या बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवारी बंदच असतात. ९२९२ या ॲपवर जाण्याची गाडी बघताना परतीच्या शेवटच्या दोन गाड्याही लिहून ठेवा.

म्हणून सायकल. स्थानकावर भाड्याने मिळणारी पिवळी-निळी सायकल, ओव्ही-फिट्स, स्वस्त आहे, पण तिला नेदरलँड्समधलं वैयक्तिक खातं लागतं. भारतातून फिरायला आलेल्यांनी खासगी दुकानातून सायकल घ्यावी. आम्स्टेलव्हेन किंवा आइंडहोव्हनला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींकडे बहुधा स्वतःचीच असते. ती रेल्वेत न्यायची तर वेगळं तिकीट लागतं आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ व दुपारी चार ते साडेसहा नेता येत नाही. घडीची सायकल मिटवून नेली तर फुकट आणि कधीही.

रस्ता शोधायला सायकलमार्गांच्या चौकांना दिलेले क्रमांक वापरा. पांढऱ्या पाटीवर हिरवा आकडा असतो. ठरवलेल्या आकड्यांची साखळी कागदावर लिहून हँडलला चिकटवली की दिवसभर फोन काढावा लागत नाही. वेग ताशी १५ किलोमीटर धरा. आणि वारा विसरू नका. इथे चढ नसतो, पण समोरून येणारा पश्चिमेचा वारा चढाएवढाच दमवतो. शक्यतो जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे पाय थकल्यावर तो पाठीशी येतो.

चौथी पायरी : पिशवीत काय

पावसाचं जाकीट हवं. छत्री वाऱ्यात उलटी होते. चांगल्या पकडीचे बूट, कारण गोल जिन्यांच्या पायऱ्या झिजून मधोमध खोल झालेल्या असतात आणि ओल्या असल्या की निसटतात. लांब विजार (कारण शेवटी येईल). छोटी विजेरी, पाण्याची बाटली, दीड-दोन मीटरची मोजपट्टी. शेवटची वस्तू विचित्र वाटेल, पण तिचंच काम पुढे आहे.

खाण्याचं आधीच बघा. अवशेषाजवळ उपाहारगृह असेलच असं नाही, आणि प्रोटेस्टंट कर्मठ भागात, विशेषतः नद्यांच्या काठच्या गावांत, रविवारी दुकानं बंद असतात. शाकाहारींना चीजचं टोस्टी, पॅनकेक आणि ॲपल पाय जवळपास सगळीकडे मिळतो. वाटाण्याचं दाट सूप मात्र निर्धास्तपणे मागवू नका. त्यात डुकराचं मांस हा नेहमीचा घटक आहे. रोख पैसे न घेणारी ठिकाणं वाढत आहेत. दुसरीकडे लहान काउंटरवर क्रेडिट कार्ड चालत नाही. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड आणि स्वच्छतागृहासाठी थोडी नाणी, दोन्ही ठेवा.

तिकिटांसाठी इथे राहणाऱ्यांनी म्युझियमकार्ट, म्हणजे संग्रहालयांचं वार्षिक कार्ड, घ्यावं. माउडरस्लोट, लूव्हेस्टाइनसारखी ठिकाणं त्यात येतात, आणि वर्षात पाच-सहा भेटी झाल्या की पैसे वसूल होतात.

पाचवी पायरी : भिंत वाचणं

पोहोचल्यावर लगेच आत शिरू नका. आधी खंदकाबाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला. आराखडा गोल आहे की चौकोनी, हे पहिलं बघायचं. मातीच्या उंचवट्यावर किंवा गोल तटाच्या आत बांधलेली वास्तू सहसा जुन्या पद्धतीची. चारी कोपऱ्यांना बुरूज असलेला सुबक चौकोन १३व्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलंडमध्ये रुजला. काउंट फ्लोरिस पाचवा याचे माउडन आणि मेडेमब्लिकचे किल्ले त्या घडणीचे. एकटाच उभा जाड बुरूज असेल तर तो राहता बुरूज, म्हणजे एखाद्या छोट्या सरदाराची गढी.

मग भिंतीजवळ जा आणि विटा मोजा. १३व्या शतकातली वीट मोठी, सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि सात-आठ सेंटिमीटर जाड. पुढच्या तीन शतकांत ती लहान होत गेली, आणि १६व्या शतकात २२ ते २४ सेंटिमीटरवर, पाचेक सेंटिमीटर जाडीवर आली. एकेक वीट मोजून फसायला होतं, कारण हाताने पाडलेल्या दोन विटा सारख्या नसतात. म्हणून दहा थरांची उंची मोजायची, मधल्या चुन्यासकट. पट्टी जमिनीला न टेकवता एका थराच्या तळाशी धरा आणि दहा थर वर मोजा. ८५ ते १०० सेंटिमीटर आले तर बांधकाम बहुधा जुनं, ६०च्या आसपास आले तर नंतरचं. हे आकडे प्रदेशागणिक सरकतात, पण एकाच किल्ल्याच्या दोन भिंतींची तुलना करायला ही युक्ती हमखास उपयोगी पडते.

यात एक खोच आहे. विटा महाग होत्या. किल्ला पडला की त्या काढून, घासून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे मोठी वीट दिसली म्हणून भिंत जुनी असं होत नाही. लहान वीट जुन्या भिंतीत मूळ बांधणीची असणं मात्र कठीण. निर्णय लहान विटेवरून घ्या.

दुसरी खूण जुळणीची. एकाच थरात विटेची लांब बाजू, मग आखूड, मग लांब, अशी आलटूनपालटून मांडणी असेल तर ती साधारण १४व्या शतकाच्या मध्यापर्यंतची पद्धत. एक थर पूर्ण लांब बाजूंचा आणि त्यावरचा पूर्ण आखूड बाजूंचा असेल तर नंतरची. तिसरी खूण दर्जांची, म्हणजे विटांमधल्या भरलेल्या फटींची. जुना चुना पांढरट, नखाला किंचित भुसभुशीत लागणारा, आणि त्यात बारीक पांढरे कण दिसतात. किनारपट्टीला शिंपले भाजून चुना करत. करडी, टणक, गुळगुळीत दर्ज म्हणजे सिमेंट, अर्थात आधुनिक काळातली डागडुजी. अशा दर्जेच्या आजूबाजूला विटांचे पापुद्रे निघालेले किंवा लोणा फुटलेला दिसतो. सिमेंट ओलावा अडवतं, तो मग विटेतून बाहेर पडतो, थंडीत गोठतो आणि विटेचा चेहरा उडवतो. जुन्या दुरुस्त्यांनी केलेलं हे नुकसान एकदा ओळखता आलं की जवळपास प्रत्येक अवशेषावर कुठे ना कुठे सापडतं.

आता मान वर करा. भिंतीत ठरावीक अंतरावर चौकोनी भोकं दिसतात. ती गोळ्यांची नव्हेत, परांचीचे वासे खोचायची. त्याहून मोठी, एका ओळीत असलेली खोबणी तुळयांची, म्हणजे तिथे मजला होता. मजला नसताना हवेत लटकणारी भिंतीतली शेकोटी दिसली तर तिच्या तळाची रेघ मनात आडवी ओढा. तीच वरच्या दालनाची जमीन. खंदकाच्या बाजूला बाहेर झुकलेलं छोटं कपाट किंवा भिंतीत उभी नळी असेल तर तो शौचकूप, सरळ पाण्यात सुटणारा. आणि भिंतीत वरपासून खालपर्यंत एक उभी सरळ भेग असेल, जिच्या दोन्ही बाजूंच्या विटा एकमेकींत गुंतलेल्याच नाहीत, तर ती भेग नव्हेच. तो सांधा आहे: एक भिंत आधी, दुसरी नंतर.

भिंतीचा माथाही बघा. खरा मोडका माथा कधी सपाट नसतो. वरचे दोन-चार थर नेटके, उतार दिलेले, चांगल्या चुन्यात बसवलेले दिसले तर ती पाणी मुरू नये म्हणून नंतर घातलेली टोपी आहे.

सहावी पायरी : कुठून सुरुवात

पहिला दिवस हार्लेमचा घ्या. हार्लेमहून उत्तरेच्या छोट्या गाडीने सांतपोर्ट झाउद. तिथून ब्रेडरोडेचा अवशेष किलोमीटरभर चालत. १३व्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा किल्ला हॉलंडच्या यादवीत, ज्यांना हूक आणि काबेलयाउ म्हणत त्या दोन पक्षांच्या लढायांत, १३५१ला पाडला गेला. पुन्हा बांधला, १४२६ला पुन्हा पाडला. त्यानंतर दक्षिणेची बाजू पूर्ववत झालीच नाही. शेवटी १५७३मध्ये, स्पेनविरुद्धच्या डच बंडात हार्लेमला पडलेल्या वेढ्याच्या काळात, स्पॅनिश सैन्याने तो जाळला. १९व्या शतकात सरकारने त्याची डागडुजी हाती घेतली. देशात सरकारी खर्चाने जपलेल्या पहिल्या वास्तूंपैकी ही एक. त्यामुळे वर सांगितलेला सगळा धडा इथे एकाच आवारात गिरवता येतो. उत्तरेची बाजू उंच, दक्षिणेची खुजी का, हे आधी प्रदक्षिणेत स्वतः बघा आणि मग आतली माहितीची पाटी वाचा. त्याच वेढ्यात स्पॅनिश सेनापतीचा मुक्काम हाउस ते क्लेफला होता आणि वेढा संपल्यावर तो किल्ला उडवून दिला गेला. उत्तर हार्लेममधले त्याचे अवशेष परतीच्या वाटेवर अर्ध्या तासात होतात.

दम असेल तर दुसऱ्या दिवशी आल्कमारहून सायकलने एग्मोंड आन देन हूफ. हाही १५७३चाच बळी, पण उलट्या बाजूने: स्पॅनिश सैन्याच्या हाती पडू नये म्हणून बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याच्या पक्षानेच तो पाडला. ज्या सरदार लामोराल एग्मोंटला स्पॅनिशांनी १५६८मध्ये ब्रुसेल्समध्ये ठार केलं, त्याच्याच घराण्याचं हे मूळ ठिकाण. आज दिसतात ते पाण्यातून थोडे वर आलेले पाये. १९३०च्या दशकात ते उकरून, वरचे थर रचून दाखवले आहेत. जमिनीवर काढलेल्या आराखड्यासारखंच ते आहे. उभ्या भिंतींची अपेक्षा असेल तर जाऊ नका. आराखडा समजून घ्यायला याहून सोपी जागा नाही.

ट्यूलिपच्या दिवसांत कोयकनहोफला येणारे भारतीय हजारोंनी असतात, आणि त्यातले फार थोडे सासनहाइमजवळच्या टेलिंगनकडे वळतात. खरं तर ती बाग ज्या जमिनीवर आहे ती टेलिंगनच्या किल्ल्याच्याच मालकीतली, तिथे शिकार होई आणि किल्ल्याच्या मुदपाकखान्यासाठी भाज्या-वनस्पती पिकवत. किल्ला म्हणजे विटांचा गोल तट आणि त्यात खोवलेला मोठा राहता बुरूज. हॉलंडची काउंटेस याकोबा व्हान बायरन १४३६मध्ये इथेच वारली. आत जायला हंगामात ठरावीक दिवस असतात. बंद असला तरी रस्त्यावरून खंदक आणि तट नीट दिसतो. सासनहाइम स्थानकावरून चालत पंचवीसेक मिनिटं. त्याला जोडून लायडनचा बुर्ख्त घ्या. सुमारे ९ मीटर उंच मातीचा कृत्रिम टेकाड आणि त्यावर गोल तट, वर चर्यांमागून फिरायची वाट. फुकट आहे. गोल तट टेकाडावर कसा आणि सपाटीवर कसा, हा फरक एकाच दिवसात डोळ्यांसमोर राहतो. लिसे गावातला देव्हेर हा राहता बुरूज १४व्या शतकातला; पडका होता, १९७०च्या दशकात पुन्हा बांधून काढला.

फाल्कनबर्गला आम्सटरडॅमहून एका दिवसात जाऊन येणं शक्य आहे, पण शहाणपणाचं नाही. एकेरी प्रवासच तीन तासांच्या आसपास. मास्ट्रिख्तला मुक्काम करा. हा किल्ला विटांचा नाही, तिथल्या पिवळसर मऊ चुनखडीचा आहे. १६७२च्या डिसेंबरात, फ्रेंचांशी युद्ध चालू असताना, तो त्यांना वापरता येऊ नये म्हणून डच सैन्यानेच सुरुंग लावून उडवला. दगड इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो, म्हणून भिंतींवर हात घासू नका. खाली फ्लुवेलनग्रोट ही खाणीची गुहा, किल्ल्याशी भुयारांनी जोडलेली. ती भुयारं १९३७मध्ये पुन्हा सापडली. गुहेत वाटाड्याबरोबरच प्रवेश, फेरीची भाषा आणि वेळ आधी ठरवून घ्या. उन्हाळ्यातही आत सुमारे १२ अंश असतं. बाहेर तिशी असताना लोक बिनबाह्यांचे शर्ट घालून शिरतात आणि पाऊण तास कुडकुडतात.

लूव्हेस्टाइन मास आणि वाल नद्यांच्या संगमावर आहे. १३५७ ते १३६८ दरम्यान बांधलेला हा किल्ला पुढे राजकीय कैद्यांचा तुरुंग झाला, आणि १६२१मध्ये कायदेपंडित ह्यूगो ग्रोटियस पुस्तकांच्या पेटीत लपून इथून निसटला. होडी वाउद्रिखेमहून हंगामातच चालते. नदीला पाणी चढलं की ती थांबते, म्हणून पाऊसकाळात सकाळीच चौकशी करा.

सातवी पायरी : पुन्हा उभारलेलं पाहताना

माउडरस्लोट पाहणाऱ्या बहुतेकांना वाटतं की फ्लोरिसने १२८५च्या सुमारास बांधलेलाच किल्ला आपण बघतो आहोत. फ्लोरिसचा खून १२९६ला झाला, त्यानंतर तो किल्ला पाडला गेला, आणि आजचा १४व्या शतकाच्या शेवटी जुन्या आराखड्यावर उभा राहिला. आतलं सामानसुमान १७व्या शतकाचा थाट दाखवतं. म्हणजे एकाच दारातून तीन काळ. हार्झाउलन्सचा डे हार तर त्याहून धाडसी: पडक्या भिंतींवर वास्तुविशारद पिएर काउपर्सने १८९२पासून स्वप्नातला मध्ययुगीन किल्ला रचला, रॉथशिल्ड घराण्याच्या पैशावर, विजेच्या दिव्यांसकट. बागेसाठी जुनं गावच उचलून बाजूला नेलं. डोर्ननबर्ग १९४५मध्ये जमीनदोस्त झाला आणि १९४७ ते १९६८ या काळात पुन्हा बांधला गेला. या तिघांकडे खोटे म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. डे हार हा १९व्या शतकाला मध्ययुग कसं असावंसं वाटलं याचा अस्सल पुरावा आहे. खालच्या थरांतल्या विटा आणि वरच्या विटा यांचा रंग तेवढा पारखून बघा.

आर्खेऑन १९९४ला उघडलं. प्रागैतिहासिक, रोमन आणि मध्ययुगीन असे तीन भाग. घाई असेल तर उलट क्रमाने फिरा, कारण सकाळी सगळे पहिल्या भागात गर्दी करतात आणि मध्ययुगीन गल्ली मोकळी असते. इथे प्रत्येक घर उत्खननात सापडलेल्या खुणांवरून रचलेलं. पण खुणा म्हणजे बहुतेकदा जमिनीतले खांबांचे काळपट डाग आणि पाये. छपराची उंची, खिडक्यांचा आकार, आतली मांडणी हा अभ्यासू अंदाज. म्हणून तिथल्या पोशाखातल्या माणसांना दोन प्रश्न विचारा: या घराचं जमिनीत नेमकं काय सापडलं, आणि वरचं कशावरून ठरवलं? चांगला वाटाड्या या प्रश्नाने खूश होतो. त्यांतले बरेच इंग्रजी बोलतात. मुलांना चामड्याचं, विणकामाचं, भाकरीचं काम करता येतं. धुराच्या घरात दम्याच्या रुग्णांनी मात्र जपावं. हंगाम साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत, आणि पावसात निम्मं आवार चिखल होतं.

नियम, ज्यांची पाटी डचमध्ये असते

‘फर्बोडन तुखांग’ आणि खाली ‘आर्ट. ४६१’ लिहिलेली पाटी म्हणजे दंडविधानाच्या कलमाखाली प्रवेशबंदी. पलीकडे पाऊल टाकलं तर दंड होऊ शकतो. निसर्गसंस्थांच्या जमिनीवर बहुधा सूर्योदय ते सूर्यास्त, फक्त वाटांवरून चालायची मुभा असते. ड्रोन निसर्गराखीव क्षेत्रांत जवळपास सगळीकडे मना. धातुशोधक यंत्र संरक्षित पुरातत्त्व स्थळांवर वापरता येत नाही. इतरत्रही जमीनमालकाची परवानगी, वरच्या ३० सेंटिमीटरची मर्यादा आणि सापडलेली वस्तू कळवण्याचं बंधन आहे. विटेचा पडलेला तुकडाही आठवण म्हणून उचलू नका. खंदकाला कठडे नसतात. लहान मूल असेल तर हात धरूनच चाला.

मे ते जुलै ओकच्या झाडांखाली लाल-पांढरी फीत दिसली तर तिथे बसू नका. त्या झाडांवर रांगेने चालणाऱ्या सुरवंटांची घरटी असतात. त्यांचे वाऱ्याने उडणारे केस अंगावर पुरळ आणि डोळ्यांची आग उठवतात.

लांब विजारीचं कारण गोचीड. अवशेषांभोवतीच्या उंच गवतात त्या असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. विजार मोज्यात खोचा. त्याच संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, आणि मुलांच्या केसांच्या कडेला व कानामागे तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. आधी तेल, स्पिरिट किंवा काडीचा चटका देऊ नका, त्याने संसर्गाची शक्यता वाढते. काढल्यावर जागा स्वच्छ करा, तारीख लिहून ठेवा आणि पुढचे तीन महिने तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ किंवा ताप येतो का ते बघा. आल्यास डॉक्टरांना तारखेसकट सांगा. भारतात परतला असाल तर गोचीड नेदरलँड्समध्ये चावली हे आवर्जून सांगा, कारण भारतातल्या डॉक्टरांना हा रोग सहसा पटकन सुचत नाही.